हातगुण

वरच्या मजल्यावरची सून गेल्या महिन्यात एका दुपारी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा घेऊन आली. त्या दिवशी ना एकादशी होती ना संकष्टी, तेव्हा डबा हे निमित्त आहे एवढं कळलं. झोपाळ्याच्या कडेला टेकली. शाळेला सुट्टी कधी लागते, यंदा कैऱ्या काय भाव आहेत, असं सगळं विचारून झालं आणि मग म्हणाली, "काकू, तुम्ही कुठल्या डॉक्टरांकडे जात होतात हो?" विचारलं मात्र आणि लगेच जीभ चावली.

जीभ का चावली तेही कळलं. आम्हाला मूल नाही. म्हणजे मी ज्यांच्याकडे गेले त्यांच्याकडे जाऊन मूल होत नाही, असा सरळ हिशेब. खाणावळ कशी आहे हे तिथून उपाशी उठलेल्याला कोण विचारतं? शिवाय तिला सासूने माझ्याकडे पाठवलेलं नव्हतं, हे मी पैजेवर सांगते. बाई स्वभावाने चांगली आहे, पण सुनेने या कामाला निघताना माझं तोंड बघून निघावं, असं तिला वाटणार नाही.

"सांगते, पण आज नको," म्हटलं आणि चहा टाकला. ती गेल्यावर खिचडी खाल्ली (कूट कमी पडलं होतं) आणि विचार करत बसले. सहा वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवून रिकाम्या हाताने परत आलेल्या बाईने डॉक्टरांबद्दल सांगावं तरी काय?

माझं माहेर बडोद्यातल्या दांडिया बाजारातलं. आजी डॉक्टर निवडायची ती हातगुणावर. पाटीवरच्या पदव्या तिने कधी वाचल्या नाहीत. "औषध काय, सगळे तेच देतात. हात लागावा लागतो," म्हणायची. रावपुऱ्यातल्या एका डॉक्टरांच्या हातगुणावर तिची इतकी श्रद्धा, की कंपाउंडरने बांधलेली पुडी ती डॉक्टरांना नुसती हातात धरायला लावायची आणि मगच पिशवीत टाकायची. तापा-खोकल्याला ही पद्धत छान चालते, कारण ताप तीन-चार दिवसांत तसाही उतरतो आणि श्रेय कोणाला तरी द्यावंच लागतं. मुलाच्या बाबतीत मात्र हातगुणाची परीक्षा फार कडक. पाळणा हलला तर डॉक्टरांचा हात सोन्याचा, नाही हलला तर सहा वर्षांत त्या हाताने काय काय केलं ते कोणी विचारत नाही.

लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा, २०१२ साली, आम्ही पहिल्यांदा गेलो. मी तेहतीस वर्षांची होते. डॉक्टर निवडले ते अर्थात हातगुणावरच. रिक्षांच्या पाठीवर त्यांची जाहिरात असायची आणि नणंदेच्या जावेला त्यांच्याकडे जुळं झालेलं. दवाखान्यात शिरलं की समोरची अख्खी भिंत बाळांच्या फोटोंनी भरलेली. टोपड्यातली, नुकतं जावळ काढलेली, एक तर मोरपीस खोवून बासरी धरलेलं. मधोमध पाटी: सक्सेस रेट ८० टक्के. खुर्च्या त्या भिंतीकडे तोंड करून मांडलेल्या, म्हणजे नंबर लागेपर्यंत चार तास तेच बघायचं. आत गेल्यावर तीन मिनिटं.

डॉक्टर स्क्रीनवरची नजर न काढता माझ्या नवऱ्याशी बोलायचे. "मिसेसची ट्यूब टेस्ट करून घ्या." स्कूटर गॅरेजला टाकली की मेकॅनिक मालकाशी बोलतो, स्कूटरला काय विचारायचं! ट्यूब टेस्ट म्हणजे गर्भाशयात डाय सोडून एक्स-रेवर बघायचं, की तो दोन्ही नळ्यांतून पलीकडे उतरतो का. थोडं दुखेल, म्हणाले होते. मी ओढणीचा बोळा दातांत धरला होता, तो नंतर नर्सने सोडवला. नळ्या मोकळ्या निघाल्या. मग गोळ्या. मग दर महिन्याला फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे नवव्या, अकराव्या, तेराव्या दिवशी सोनोग्राफी करून बीजाची पिशवी किती मिलिमीटर वाढली ते बघायचं. शाळेत पहिला तास माझा असायचा, तो बदलून घेतला. कारण काय सांगितलं ते आता आठवत नाही, पण दाताचं काहीतरी सांगितलं असावं, कारण पुढे वर्षभर सगळ्या शिक्षिका माझ्या दातांची चौकशी करत होत्या.

आपल्याकडे बाई गरोदर राहिली की 'तिला दिवस गेले' म्हणतात. माझे दिवस नुसतेच जात होते. तिथे एक डभोईची बाई नेहमी भेटायची. पहाटेची बस पकडून यायची, पिशवीत थेपले. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "बेन, तमारो केटलामो नंबर?" आणि तिसऱ्या भेटीत थेट, "दहाडा रह्या?" जन्म बडोद्यात गेला, गुजरातीत शिकवते, पण हा शब्दप्रयोग मी तोवर नीट कानात घेतला नव्हता. मराठीत दिवस जातात, गुजरातीत राहतात. चार तास भिंतीवरची बाळं बघण्यापेक्षा हा विचार बरा होता.

तिच्या नळ्या बंद होत्या, क्षयाने. आयुष्यात कधी खोकला नाही, रात्रीचा ताप नाही, आणि क्षय जाऊन बसला होता गर्भाशयात. आपल्या देशात नळ्या बंद होण्याचं ते एक मोठं कारण आहे, हे मला तिच्याकडून कळलं. डॉक्टरांनी तिला गुजरातीत समजावलं होतं म्हणे, अगदी चित्र काढून. (मला का नाही?) औषधं पूर्ण झाल्यावर तिचं आयव्हीएफ केलं, कारण आयव्हीएफला नळ्या लागतच नाहीत. बीज बाहेर काढायचं, बाहेरच फळवायचं, आणि गर्भ थेट गर्भाशयात ठेवायचा. दोन आठवड्यांनी दिवस राहिले का ते बघायला रक्ताची तपासणी, बीटा एचसीजी. दवाखान्यात सगळ्या त्या तपासणीला 'बेटा' म्हणायच्या. एक दिवस ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि शांतपणे म्हणाली, "मारो बेटा नेगेटिव आव्यो." आम्ही दोघी हसलो. आधी ती हसली, म्हणून मी हसले. मग तिने थेपले काढले.

आठ महिन्यांनी, पहिल्या आययूआयच्या वेळी (नवऱ्याचं बीज नळीने थेट गर्भाशयात सोडतात ते), कोणाच्या तरी लक्षात आलं की या फाइलमध्ये नवऱ्याचा रिपोर्टच नाही. आठ महिने माझ्या पोटात सुया आणि गोळ्या चालू होत्या आणि ज्या तपासणीला सुई लागत नाही, कापाकापी लागत नाही, तीच राहिली होती. तो गेला, एका बाथरूममध्ये, जिची कडी नीट लागत नव्हती. रिपोर्ट आला. दर मिलिलिटरला दीड कोटी ही तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने आखलेली खालची रेघ. त्याचे नव्वद लाख. हे लिहिण्याआधी मी त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, "लिही. पण 'कमी' लिही, 'खराब' लिहू नकोस." तर, कमी. त्या दिवशी रिक्षात तो एवढंच बोलला होता, "नव्वद लाख म्हणजे कमी? अख्ख्या बडोद्यात तेवढी माणसं नाहीत."

डॉक्टरांनी त्याला गोळ्या लिहून दिल्या, मला आययूआय लिहून दिलं. अजून दीड-दोन वर्षं आम्ही तिथेच होतो. का, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. दर महिन्याला वाटायचं, या वेळी होईल, आणि आत्ता डॉक्टर बदलला तर आधीचं सगळं वाया जाईल. रांगेत उभं राहिलेल्या माणसाला रांग सोडवत नाही, ती खिडकी बंद झालेली दिसली तरी.

डभोईच्या बाईला दुसऱ्या खेपेला मुलगा झाला. पेढे घेऊन आली होती, आणि पुढे एकदा मांडवीत भेटली तेव्हा म्हणाली की तिच्या देव्हाऱ्यात अंबामातेच्या शेजारी डॉक्टरांचा फोटो आहे. "साहेब तो भगवान छे." तिच्या देव्हाऱ्यात जो माणूस आहे, तोच माझ्या तोंडी शिव्यांत आहे. तिचं खोटं नाही आणि माझंही नाही. तिच्या नळ्या त्याने अचूक ओळखल्या. आमच्या फाइलमधला कोरा कागद त्याला आठ महिने दिसला नाही.

२०१५ मध्ये शाळेतल्या एका मैत्रिणीने दुसरं नाव दिलं. अलकापुरीजवळ पहिल्या मजल्यावर छोटा दवाखाना, बाई डॉक्टर. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, मीही तेच म्हणते. नाव इथे लिहीत नाही. भिंतीवर एकही बाळ नाही. गर्भलिंग तपासणी केली जात नाही ही कायद्याची पाटी, एक कॅलेंडर, आणि टेबलामागे फ्रेममध्ये चष्म्यातल्या एका माणसाचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो. पुढे ओळख झाल्यावर मी विचारलं, बाळांचे फोटो नाहीत ते मुद्दाम का? म्हणाल्या, "ज्यांचं अजून झालं नाही त्यांनीच इथे बसायचं असतं. ज्यांचं झालं ते फोटो त्यांच्या घरी लावतील."

पहिल्या दिवशी त्यांनी आमची जाडजूड फाइल उघडलीच नाही. आधी नवऱ्याला विचारलं, "तुम्ही काम काय करता?" तीन वर्षांत त्याला हे कोणी विचारलं नव्हतं. तो मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात, ओतकामाच्या विभागात. दिवसाचे आठ तास भट्टीशेजारी. मॅडमनी पेन खाली ठेवलं. पुरुषाचं बीज तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणाल्या, आणि त्याला उष्णता मानवत नाही. म्हणून तर निसर्गाने ती व्यवस्था शरीराबाहेर ठेवली आहे. आजचा रिपोर्ट अडीच महिन्यांपूर्वीच्या दिवसांचा असतो. त्याने विभाग बदलून मागितला. पुढच्या रिपोर्टात आकडा वाढला, थोडाच, रेघेच्या वर गेला नाही. पण तो त्या दिवसापासून दवाखान्यात माझ्याबरोबर 'आलेला' माणूस राहिला नाही, तोही पेशंट झाला.

माझा एएमएच, म्हणजे रक्ताच्या तपासणीतला एक आकडा, ०.८ निघाला, कमी. छत्तिसाव्या वर्षी. बाई जन्माला येते तीच सगळी बीजं घेऊन, नवी तयार होत नाहीत. किती उरलीत याचा अंदाज त्या आकड्यावरून येतो, कशी आहेत ते कळत नाही. हे सगळं त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे चित्र काढून सांगितलं, मराठीत. मूळच्या गुजराती, पण मराठी बोलायच्या, व्याकरण थोडं तिरकं. 'तुमची बीज थोडी आहे' असं म्हणायच्या.

मी त्यांना त्या ८० टक्क्यांबद्दल विचारलं. मी गणिताची शिक्षिका. शेकडेवारी दिसली की छेद शोधायची सवय. मॅडम हसल्या. म्हणाल्या, विचारायचं, की यश कशाला म्हणता: तपासणी पॉझिटिव्ह आली त्याला, की सोनोग्राफीत ठोका दिसला त्याला, की मूल घरी गेलं त्याला? आणि भागलं कशाने: सुरुवात केलेल्या सगळ्या बायकांनी, की ज्यांच्या पिशवीत गर्भ ठेवण्यापर्यंत मजल गेली फक्त त्यांनी? वय कोणतं धरलं? मला एकदम फळ्यासमोर उभं असल्यासारखं वाटलं. अंश वाढवायला जन्म जातो, छेद लहान करायला नुसतं खोडरबर पुरतं. मग मी विचारलं, माझं काय? "तुमच्या वयाला, या आकड्यांवर, पाचदा केलं तर चारदा मी तुम्हाला वाईट बातमी देईन असं धरून चाला." इतकं वाईट ऐकून घरी आले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा दुपारी गाढ झोपले.

फोटोतल्या माणसाबद्दलही तेव्हाच केव्हातरी कळलं. डॉक्टर सुभाष मुखर्जी, कलकत्त्याचे. जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ ला जन्मलं, हे मी शाळेत वाचलं होतं. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, सव्वादोन महिन्यांत, मुखर्जींच्या प्रयत्नाने कलकत्त्यात मुलगी जन्मली, तिचं नाव दुर्गा ठेवलं. त्यांनी तर गर्भ गोठवून, मग वितळवून ठेवला होता. सरकारने चौकशी समिती नेमली. समितीला काही पटलं नाही. परदेशी जाऊन सांगायला परवानगी मिळाली नाही, बदली केली ती डोळ्यांच्या संस्थेत. १९८१ च्या जूनमध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत केईएममध्ये ऑगस्ट १९८६ ला हर्षा जन्मली, डॉक्टर इंदिरा हिंदुजा आणि डॉक्टर आनंद कुमार यांच्या चमूच्या हातून, आणि तीच भारतातली पहिली म्हणून नोंदली गेली. पुढे आनंद कुमारांच्या हाती मुखर्जींची टिपणं आली. ती वाचून १९९७ मध्ये त्यांनी जाहीर सांगितलं की पहिला मान माझा नव्हे, त्यांचा. म्हणजे एका माणसाच्या हाताला यश आलं होतं, मूल रडत होतं, दूध पीत होतं, आणि तरी लोक म्हणाले, याच्या हाताला काही नाही. मी त्या फोटोकडे बरेच दिवस बघत असे. नंबर लागेपर्यंत बघायला तेवढंच होतं.

२०१६ चं नवरात्र. बडोद्यात नवरात्र म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. रात्री नऊनंतर गाव रस्त्यावर असतं. माझी पोटातली इंजेक्शनं दहा दिवस चालू होती, फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्यामागे ठेवलेली. बीजं बाहेर काढण्याआधी एक शेवटचं इंजेक्शन असतं, ट्रिगर म्हणतात त्याला. ते मिनिटाच्या हिशेबाने द्यायचं, कारण त्यानंतर छत्तीसेक तासांत बीज हाती घ्यावं लागतं, उशीर झाला तर ते आपलं आपण सुटून जातं. माझी वेळ रात्री साडेदहा. आणि नेमकी त्याच संध्याकाळी दांडिया बाजारातून फोन आला, आईला चक्कर आली. गेलो. काही विशेष नव्हतं, उपासाने पित्त. निघायला साडेनऊ वाजले. अकोट्याच्या पुलावर येऊन अडकलो ते अडकलोच. पुढे गाड्या, मागे गाड्या, चणिया-चोळीतल्या मुली दुचाक्यांवरून उतरून चालत निघालेल्या. दहा वाजून पंचवीस मिनिटं.

इंजेक्शन बरोबर आणलं होतं, थर्मासमध्ये बर्फ घालून. तेवढी अक्कल मॅडमनी दिली होती. स्कूटर कठड्याला लावली. तिन्ही बाजूंनी ढोल. खाली विश्वामित्री, आणि विश्वामित्रीत मगरी. नवऱ्याने मोबाइलचा दिवा तोंडात धरला, माझी कुर्ती वर केली, आणि पोटाचा चिमटा घेऊन बरोबर साडेदहाला सुई टोचली. भट्टीवरच्या माणसाचा हात, जराही हलला नाही. शेजारच्या गाडीतल्या काकू काच खाली करून म्हणाल्या, "डायाबिटीस छे?" आम्ही दोघांनी एकदम हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला सहा बीजं निघाली. त्यांतली पक्व पाच. प्रत्येकात पुरुषाचं एकेक बीज सुईने सोडायचं असतं, इक्सी म्हणतात. नव्वद लाखांतून पाच निवडायचे. तीन फळली. रोज सकाळी लॅबमधून फोन यायचा. आंब्याच्या पेटीतून रोज एखाद-दुसरा डागी बाजूला काढावा तशी एकेक कमी होत पाचव्या दिवशी एक गर्भ उरला. तो गोठवून ठेवला, उणे १९६ अंशांवर. दिवाळीत सगळीकडे फराळाची ताटं पोचवत फिरताना मनात असायचं, की आपलं एक काहीतरी अलकापुरीजवळ एवढ्या थंडीत आहे.

जानेवारीत तो ठेवला. दोन आठवड्यांनी बेटा १.२. पाचच्या खाली म्हणजे नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा सगळं. या वेळी दोन गर्भ ठेवले. बेटा आला ६४. मॅडमनी स्वतः फोन केला, पण आवाजात आनंद नव्हता. "दोन दिवसांनी परत बघू. आकडा दुपटीच्या आसपास जायला हवा." सासूबाईंना सांगितलं नव्हतं तरी त्यांनी त्या दोन दिवसांत मला कपड्यांची बादली उचलू दिली नाही. दोन दिवसांनी ४१. डभोईच्या बाईच्या भाषेत, दहाडे राहिले, पण दोनच.

महिन्याभराने मॅडमनी बोलावलं. टेबलामागची खुर्ची ओढून आमच्या बाजूला येऊन बसल्या. तिसऱ्यांदा करता येईल, म्हणाल्या, पण या बीजांवर मी तुमचे पैसे घेऊ नयेत असं मला वाटतं. दुसऱ्या बाईचं बीज घेण्याचा मार्ग सांगितला, दत्तकाचा सांगितला. "आणि काहीच न करणं हाही एक मार्ग आहे. त्याची फी नाही." बीजदानावर आम्ही दोन महिने बोललो; ते बोलणं आमच्यातच राहू दे.

मी त्यांच्यावर वर्षभर भयंकर चिडून होते. हे मी त्या मुलीला सांगितलंच पाहिजे, असं खिचडी खाताना ठरवलं. खरं बोलणाऱ्या डॉक्टरचा राग खोटं बोलणाऱ्यापेक्षा जास्त येतो. त्या रागात आम्ही तिसऱ्या एका ठिकाणी गेलो. गुळगुळीत फरशी, कॉफीचं मशीन, आणि कोट घातलेला एक तरुण, जो डॉक्टर नव्हता. त्याने पॅकेज समजावलं: तीन सायकल (म्हणजे आयव्हीएफच्या तीन खेपा), हप्त्यांची सोय, आणि मूल नाही झालं तर इतके टक्के पैसे परत. तोवर आमचे साडेपाच लाख झाले होते, गाडीसाठी साठवलेले. विम्याने एक रुपया दिला नव्हता. परत येताना सूरसागरच्या कठड्यावर बसलो. पाण्यात शंकराची ती एवढी मोठी मूर्ती. मी कागदावर हप्ते मांडत होते. तो म्हणाला, "परत आलेल्या पैशांचं आपण काय करायचं?" मी पेन बंद केलं. तेवढ्यावरच ते संपलं. रडारड वगैरे काही झाली नाही, शेंगा घेतल्या आणि घरी आलो.

मग नातेवाइकांची पाळी. बडोद्याच्या मराठी माणसाकडे या विषयावर एक हुकमी वाक्य असतं: "अगं, आपले सयाजीराव तरी कोण? दत्तकच!" बरोबर आहे. कवळाण्याचा गोपाळराव १८७५ मध्ये जमनाबाईसाहेबांच्या मांडीवर बसला म्हणून या गावाला शाळा मिळाल्या, ग्रंथालयं मिळाली, बाग मिळाली. पण मला त्या गोष्टीतल्या जमनाबाईंची आठवण येते. खंडेराव महाराज १८७० मध्ये गेले तेव्हा त्या गरोदर होत्या. मुलगा झाला तर गादी त्याची, मुलगी झाली तर दिराची. अख्खं संस्थान आणि इंग्रजांचा रेसिडेंट एका विशीच्या आतल्या-बाहेरच्या विधवेच्या पोटाकडे डोळे लावून बसलं होतं. १८७१ मध्ये मुलगी झाली. त्या दिवशी वाड्यात त्यांच्याकडे कोणी कसं बघितलं असेल, ते कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. मांडवीजवळ त्यांच्या नावाचा दवाखाना आहे, तिथून जाताना माझी स्कूटर आपोआप हळू होते. तसं बघितलं तर गावाचं जुनं नाव वटोदर म्हणतात, वडाचं उदर. पोटाचा विषय इथे पहिल्यापासूनच आहे.

सासूबाईंचं मत ठाम होतं: मॅडमना हातगुण नाही. माझ्यासमोर बोलायच्या नाहीत, पण फोनवर बहिणीला सांगताना मी ऐकलंय. मला कधी एका शब्दाने दुखावलं नाही त्यांनी; हळदीकुंकवाला कोणी माझी ओटी भरताना घुटमळलं तर "तिचीही भर गं" असं सगळ्यांदेखत म्हणायच्या. फक्त मॅडमवर राग. आणि २०२१ मध्ये त्यांचं स्वतःचं अंग बाहेर यायला लागलं. दोन वर्षं लपवलं होतं. शेवटी मला सांगितलं, आणि मी कुठे नेणार? मॅडमकडेच. गर्भाशय काढायचं ऑपरेशन झालं, चौथ्या दिवशी घरी आल्या, तिसऱ्या महिन्यात मैत्रिणींबरोबर पावागडला जाऊन आल्या. आता सोसायटीत ज्या-त्या बाईला सांगतात, "काय हातगुण आहे गं त्या बाईचा!" माझ्याकडे बघून एकदा गप्प झाल्या. म्हटलं, "आहेच की, आई."

चार दिवसांनी वरची मुलगी डबा न्यायला आली, तेव्हा मी तिला नाव दिलं, आणि मला सुचेल तसं बोलत सुटले. आता या दवाखान्यांसाठी २०२१ चा कायदा आहे, जानेवारी २०२२ पासून लागू झालेला, तेव्हा दवाखान्याची नोंदणी आहे ना बघ. आमच्या वेळी असं काही नव्हतं. खर्च विचारशील तेव्हा औषधं धरून विचार. टक्के सांगितले तर छेद विचार. तिला छेद कळला नाही, तो समजावला. डॉक्टर तुझ्याकडे बघून बोलतात का ते बघ. मध्येच आठवलं, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलंय की जगात सहांतल्या एकाला कधी ना कधी हा त्रास होतो. तेही सांगितलं. सहा म्हणजे आपल्या एका जिन्यावरची घरं. तिने वर-खाली नजर फिरवून मोजलीच असावीत.

मग मी विचारलं, "त्याचा रिपोर्ट झाला?"

ती डब्याच्या झाकणाशी खेळायला लागली. "ते म्हणतात, माझं काय असणार. आधी तुझं सगळं होऊ दे."

नवरा आत पेपर वाचत होता. म्हणजे मला तरी तसं वाटलं. त्या वेळी काही बोलला नाही, जेवतानाही नाही. रविवारी सकाळी चपला घालून वर गेला, बेल वाजलेली ऐकू आली, आणि त्याचा आवाज, "चल रे, एका कामाला जायचंय. स्कूटर मी काढतो." काय काम, कुठे, काही नाही. मी गॅलरीतून बघितलं: पुढे हा, मागे तो पोरगा, हेल्मेट मांडीवर धरून, तोंड एवढंसं झालेलं.

साडेअकराला परत आले. दोघांच्याही हातात शेव-उसळीचं पार्सल होतं. हा म्हणाला, "मंगळवारी रिपोर्ट. उसळ गरम आहे तोवर घ्या." आणि पुन्हा पेपर घेऊन बसला.